पाऊण सूत

काकांच्या अर्धवट राहिलेल्या, रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाचे टोक मागच्या कडेला जेमतेम अडीच मिलिमीटर वर उचललेले होते, आणि ते मी चहाच्या किटलीतून निघणाऱ्या वाफेवर धरून सपाट केले. चाळीस वर्षे माळ्यावर पडून पंखाला पीळ पडला असावा अशी माझी खात्री होती. ती किती चुकीची होती, हे कळायला तीन आठवडे गेले.

विमान म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील माँटेझुमा या छोट्या गावातून आलेला सिग कंपनीचा ‘कॅडेट मार्क टू’ हा लाकडी भाग जोडून बनवायचा संच. क्लॉड मॅकक्युलो यांनी आखलेल्या या मालिकेवर तिकडच्या अनेकांनी रिमोटवर उडवायला शिकताना पहिले धडे गिरवले आहेत. पंखाचा विस्तार ५७ इंच, पंखाचा तळ सपाट, आणि चूक झाली तर सुधारायला वेळ देणारा संथ स्वभाव. काका ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात मिग लढाऊ विमानांवर काम करत असत. ऐंशीच्या दशकात एका नातेवाइकाच्या सामानातून त्यांनी हा खोका मागवला, डावा पंख आणि धडाच्या दोन्ही बाजू जोडल्या, आणि मग घरातल्या अडचणींमुळे सगळे गुंडाळून माळ्यावर गेले ते गेलेच.

गेल्या वर्षी तो खोका खाली काढला, तेव्हा लाकडाची अवस्था अपेक्षेपेक्षा बरी निघाली. बाल्सा हे अशा विमानांचे हलके लाकूड कोरडे राहिले तर फारसे बिघडत नाही. ते थोडे पिवळे आणि ठिसूळ होते, इतकेच. बिघडते ते बाकीचे. रबरबँडचा चिकट लगदा झाला होता, स्पंज हात लावताच भुगा होत होता, आणि रिमोटच्या संचातली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तिच्यावर पांढरी-हिरवी पूड साचली होती. अशा गळक्या बॅटरीची ऋण तार आतल्या आत काळी पडत जाते आणि ती कीड कधी कधी थेट रिसीव्हरपर्यंत, म्हणजे रिमोटचे संदेश घेणाऱ्या विमानातल्या डबीपर्यंत, पोहोचते, त्यामुळे तो संच दुरुस्त करण्याच्या फंदात मी पडलो नाही. ७२ मेगाहर्ट्‌झचा तो रिमोट आता शोकेसमध्ये आहे आणि विमानात नवा २.४ गिगाहर्ट्‌झचा रिसीव्हर आहे.

पूर्ण आकाराच्या नकाशाची एक कड कसरीने कुरतडली होती. पंखाच्या आडव्या फळ्या, म्हणजे बरगड्या, ठशाने कापलेल्या होत्या, आणि ठसा बोथट झाला की बाल्सा कापले न जाता चिरडले जाते; त्यामुळे प्रत्येक बरगडी पट्टीतून सोडवताना पात्याने मागून रेघ मारून घ्यावी लागली. एक बरगडी हरवली होती, ती शेजारच्या बरगडीवरून कागदावर छापून नव्या लाकडातून कापली. काकांनी सगळे सांधे फेव्हिकॉलने जोडले होते. ते धरतील का, हे पाहण्यासाठी एक निरुपयोगी तुकडा मुद्दाम मोडला, तर सांधा शाबूत राहिला आणि शेजारचे लाकूड फाटले. त्यानंतर त्यांच्या कुठल्याही सांध्याला मी हात लावला नाही. सुकलेल्या फेव्हिकॉलचे ओघळ पॉलिश पेपरला दाद देत नाहीत, रबरासारखे लोळतात, म्हणून काही ठिकाणी ते अजूनही दिसतात, दिसू देत.

आता त्या पंखाकडे येतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पंख ठेवला तर मुळापाशी तो टेकत होता आणि टोकाची मागची कड मात्र अधांतरी राहत होती. किटलीच्या वाफेवर ते टोक फिरवत राहिलो. दोन-तीन मिनिटांत लाकूड नरमले, मग ते ओट्यावर वजनाखाली रात्रभर ठेवले. सकाळी पंख आरशासारखा सपाट झाला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

उजवा पंख जोडायला घेताना नकाशा उलटा झाला, तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले दिसले : ‘टोकाला मागच्या कडेखाली पाऊण सूत. दोन्ही पंख.’ सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, तेव्हा पाऊण सूत म्हणजे ३/३२ इंच, साधारण २.४ मिलिमीटर. मी काकांना फोन केला.

“काका, तुम्ही पंखाच्या टोकाखाली मुद्दाम पट्टी ठेवली होती का?”

“मुद्दाम नाही तर काय? टोक आधी पडलं तर विमान कूस बदलतं रे. तू सरळ केलंस की काय?”

मी हो म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “किटली आहे ना अजून? मग परत वाकव.”

मुद्दा असा की वेग कमी होऊन विमानाचे नाक वर जाऊ लागले, की ज्या भागाचा हवेशी होणारा कोन जास्त असतो त्या भागाची उचल, म्हणजे हवेचा वर धरणारा जोर, आधी तुटते. टोकाची मागची कड किंचित वर असेल, तर टोकाचा कोन मुळापेक्षा कमी राहतो. उचल मुळापाशी आधी तुटते, टोके शेवटपर्यंत धरून राहतात आणि विमान एका बाजूला गटांगळी न खाता नाक खाली घालून सावरते. आमच्या विमानात ऐलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा, ठेवायचे नव्हते, वळायचे ते केवळ शेपटीचे सुकाणू आणि पंखांचा उभार, म्हणजे टोकांकडे वर गेलेला कल, यांवर, त्यामुळे एक टोक पडले तर सावरण्याचे साधनही तोकडे होते. नकाशात नसलेली ही भर काकांनी स्वतःच्या हिशेबाने घातली होती. मी मात्र ती जुन्या लाकडाची खोड समजून काढून टाकली, आणि या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

डावा पंख पुन्हा वाफेवर धरला, टोकाखाली तेवढ्याच जाडीची बाल्साची पट्टी ठेवून दोन दिवस टाचण्यांनी पाटावर खिळवला, आणि उजवा पंख त्याच पट्टीवर बांधला. पंखावर इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म ताणतानाही पट्टी खालीच राहू दिली, कारण फिल्म आकसताना पंखाला जो आकार असेल, तोच ती पक्का करते.

इंजिनाच्या बाबतीत मात्र मी काकांचे ऐकले नाही. त्यांना पॉइंट फोर्टीचे, म्हणजे साडेसहा सीसीचे, ग्लो इंजिन हवे होते. त्याच्या इंधनात मेथनॉल लागते, ते आपल्याकडे परवान्याशिवाय सहज मिळत नाही, आणि इंधनातल्या एरंडेलाच्या धुराने माखलेले विमान पुसत बसण्याचा उत्साह माझ्यात नाही. म्हणून विजेची मोटर आणि चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बसवली. टाकीच्या जागी बॅटरी आली, तिच्यासाठी धडाच्या वर झडप करावी लागली, आणि तरीही तोल मागे जात होता म्हणून नाकात ४५ ग्रॅम शिसे घालावे लागले. तयार विमानाचे वजन बॅटरीसह २.१ किलो भरले.

सिन्नरच्या बाजूला, सरकारी ड्रोन नकाशावर हिरव्या दिसणाऱ्या एका पडीक माळावर, डिसेंबरातल्या एका सकाळी वारा पडलेला असताना आम्ही ते उडवले. काका खुर्चीवर बसून होते. पुरेशा उंचीवर गेल्यावर मी थ्रॉटल बंद केला आणि नाक वर ओढत गेलो. विमान जवळजवळ थांबले, क्षणभर थरथरले आणि पंख सपाट ठेवून नाकावर खाली आले. मी तेच तीनदा केले. तिन्ही वेळा टोक पडले नाही.

काकांनी खाली उतरल्यावर पंख काढायला लावला, टोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि नाकातले शिसे कमी करण्यासाठी बॅटरी अजून दोन सेंटिमीटर पुढे सरकेल का, हे बघायला सांगितले. झडपेची पुढची पट्टी त्यासाठी कापावी लागेल. ते काम या रविवारी करणार आहे.