काटा ११० वर होता: आमच्या पहिल्या वेल्डिंग परीक्षेचा अनुभव

आमचं फॅब्रिकेशनचं शेड सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. शेजारी टॉवेलचे कारखाने, दिवसभर मागांचा खडखडाट, त्यात आमचा ग्राइंडर. आयटीआय करून मी या धंद्यात पडलो त्याला आता एकवीस वर्षं झाली. साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं हे आमचं मुख्य उत्पन्न: मळीच्या टाक्या, प्लॅटफॉर्म, कन्व्हेयरची दुरुस्ती. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी कागद मागितला नव्हता. गिऱ्हाईक यायचं, जोडावर हात फिरवायचं, बिल पास व्हायचं.

मागच्या जानेवारीत, गड्डा यात्रा संपता संपता, एका इथेनॉल प्लांटच्या पाइपिंगचं काम चालून आलं. दर चांगला होता. पण ऑर्डरच्या दुसऱ्या पानावर अट होती: वेल्डिंग एएसएमई या अमेरिकन इंजिनीअरांच्या संस्थेच्या नियमांतल्या सेक्शन नाइनप्रमाणे, डब्ल्यूपीएस आणि पीक्यूआर मंजूर झाल्याशिवाय एकही जोड मारायचा नाही. डब्ल्यूपीएस म्हणजे जोड कसा करायचा याची लेखी कृती. कोणता पाइप, कोणता रॉड, किती करंट, किती तापमान, सगळं त्यात. आणि त्या कृतीने एक नमुना जोड करून तो कापायचा, ओढायचा, वाकवायचा. त्याचा पुरावा म्हणजे पीक्यूआर. नमुन्याच्या तुकड्याला कूपन म्हणतात. कूपन पास झालं तर ते करणारा वेल्डरही त्यातच पास होतो, म्हणून मी ठरवलं की कूपन मीच करणार.

मार्गदर्शनाला एक इन्स्पेक्शन इंजिनीअर मिळाले. निवृत्त, साठी ओलांडलेले, पण नजर बारीक. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "सर, एवढी वर्षं जोड मारतोय, एकही फुटला नाही." ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या टाकीत प्रेशर किती असायचं?" मळीच्या टाकीत कसलं प्रेशर! मग त्यांनी ब्रॉकटनची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९०५ साली एका बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली. त्यानंतर त्या राज्याने बॉयलरचे नियम केले आणि पुढे एएसएमईचा कोड आला. मी घरी येऊन वडिलांना हे सांगितलं. त्यांची उमर यंत्रमागावर गेली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मग नीट शिकून घे."

कूपन ६ इंची शेड्यूल ८० पाइपचं ठरलं. एसए-१०६ ग्रेड बी, बाहेरचा व्यास १६८.३ मिमी, जाडी १०.९७ मिमी. याच जाडीचा पाइप का, तर सेक्शन नाइनप्रमाणे त्यावर पास झालेली कृती ५ मिमीपासून जाडीच्या दुपटीपर्यंत, म्हणजे जवळजवळ २२ मिमीपर्यंत चालते. आमची सगळी लाइन त्यात बसत होती. पोझिशन ६जी. पाइप ४५ अंशात तिरका बांधायचा आणि शेवटपर्यंत हलवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं, वाकायचं, खाली आडवं व्हायचं. रूट, म्हणजे तळाचा पहिला थर, आर्गन वायूच्या आवरणात. वरचे पास, म्हणजे थर, ई ७०१८ या लेप असलेल्या रॉडने.

एप्रिलचा शेवटचा आठवडा. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोनला उभं राहवत नाही. पोरांनी सवयीने टेबल फॅन लावला आणि सरांनी तो आधी बंद करायला लावला. आर्गनचं आवरण वाऱ्याने हललं की वितळलेल्या लोखंडात हवा शिरते आणि जोडात बारीक भोकं पडतात. फॅन बंद, अंगात चामड्याचं जॅकेट, हातमोज्यात घाम साचलेला, अशा अवस्थेत मी रूट मारला.

रॉड भाजण्यावरूनही मी वाद घातला होता. म्हटलं, आपली हवा कोरडी, पाऊस कमी, कोकणात भाजतात ते ठीक आहे. पण ई ७०१८ च्या लेपाला ओल धरायला पावसाळा लागत नाही, उघडं पाकीट पुरतं. त्या ओलीतून हायड्रोजन सुटतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, आतून तडा जातो. ओव्हनमध्ये ३५० अंशांवर दोन तास भाजून, मग गरम डब्यातून एकेक रॉड काढायचा. इथे सरांचं शंभर टक्के बरोबर होतं. पूर्वी उघड्या पाकिटातले किती रॉड आम्ही वापरले असतील, या विचाराने आजही बरं वाटत नाही.

कूपन दिसायला देखणं झालं. कॅपिंग, म्हणजे सगळ्यात वरचा थर, एकसारखं, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, नाही. डीपी टेस्टमध्ये, म्हणजे रंग लावून वरचे तडे शोधतात त्यात, लाल रंग कुठे उमटला नाही. मग रात्री रेडिओग्राफीवाले, म्हणजे किरणांनी जोडाची फिल्म काढणारे, आले. शेडभोवती दोरी, लाल दिवा, सगळ्यांना बाहेर काढलं. इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी सोर्स होता. त्याची ताकद सुमारे ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून तंत्रज्ञ आधी सोर्सचं वय बघून किती मिनिटं ठेवायचा ते काढतो. फिल्म आली, फिल्म किती बारीक दाखवते हे तपासायच्या पेनेट्रामीटरच्या तारा स्पष्ट दिसत होत्या, आणि रिपोर्टवर लिहिलं होतं एनएसडी, म्हणजे लक्षात घेण्याजोगा दोष नाही. शेडमध्ये पेढे वाटले. आता वाकवून बघणं ही फक्त रीत राहिली, असंच मला वाटत होतं.

तेरा किलोचं ते कूपन जुन्या चादरीत गुंडाळून मी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला नेलं. लॅब भोसरीत. तिथे त्यांनी त्यातून पट्ट्या कापल्या: दोन ओढायला, चार वाकवायला. ओढायच्या दोन्ही उत्तम गेल्या. जोड राहिला आणि बाजूचा पाइप तुटला. किमान ४१५ मेगापास्कल लागतात, आमचे आकडे बरेच वर होते.

मग साइड बेंड. दहा मिमी जाडीची पट्टी, तिच्या मधोमध जोड. वरून ४० मिमी व्यासाचा गोल ठोकळा हळूहळू दाबत येतो आणि पट्टी इंग्रजी यू सारखी १८० अंशांत वळते. बाहेरच्या बाजूचं लोखंड ताणताना आधी त्याची चकाकी जाते, मग ते खरखरीत दिसायला लागतं, कातडी ताणल्यासारखं. पहिली पट्टी वळली, साफ. दुसरी साफ. तिसरी पाइपच्या खालच्या बाजूची होती, जिथे मी आडवा होऊन डोक्यावर वेल्डिंग केलं होतं. ती अर्ध्यात आली आणि 'टक्' असा बारीक आवाज झाला. जोड आणि पाइप यांच्या सीमेवर एक फट उघडली, डोळ्याची पापणी उघडावी तशी. लॅबवाल्याने मोजली: ५ मिमी. ३ मिमीपर्यंत चालते.

मी ती पट्टी हातात घेऊन तिथेच बसलो. फट आतून स्वच्छ होती. फाटलेल्या लोखंडाला दाणा असतो. इथे भिंत गुळगुळीत होती, ग्राइंडरने केलेल्या बेव्हलच्या, म्हणजे पाइपच्या तिरक्या घासलेल्या कडेच्या, रेघासुद्धा दिसत होत्या. म्हणजे तिथे काही फाटलं नव्हतं. तिथे जोड कधी झालाच नव्हता. वरून रॉडचं लोखंड नुसतं टेकलं होतं.

लॅबमधल्या मुलाने उरलेला एक तुकडा घासून गुळगुळीत केला आणि त्यावर नायटल लावलं, म्हणजे अल्कोहोलमध्ये थोडं नायट्रिक आम्ल. मिनिटभरात एकेक पास कांद्याच्या पापुद्र्यासारखा वेगळा दिसू लागला. तिसऱ्या पासच्या कडेला, बेव्हलला चिकटून, केसाएवढी काळी रेघ.

मी सरांना फोन लावला. पहिला प्रश्न माझाच होता: फिल्ममध्ये हे दिसलं कसं नाही? त्यांनी समजावलं की किरणांना जाडीतला फरक दिसतो. भोक असेल, स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, अडकला असेल, तर तिथे लोखंड कमी पडतं आणि फिल्मवर डाग येतो. पण न जुळलेली कड कागदासारखी पातळ आणि बेव्हलच्या कोनात तिरकी असते. किरण तिच्यातून आरपार जातात आणि फिल्मवर काहीच उमटत नाही. असला दोष अल्ट्रासॉनिकला सापडतो, तिरक्या प्रोबने, कारण आवाजाची लाट त्या कडेवर आपटून परत येते. नाहीतर वाकवल्यावर.

दुसरा प्रश्न त्यांचा. "करंट किती होता?"

"११०."

"कशावरून?"

"मशीनवर ११० लावला होता, सर."

"पाइपवर किती होता?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आमचा रेक्टिफायर, म्हणजे वेल्डिंगचं मशीन, जुना, हँडल फिरवलं की काटा सरकतो. त्या काट्यावर मी बारा वर्षं विश्वास ठेवला.

सोलापूरला परत आलो आणि इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणला. आर्क चालू, केबलभोवती मीटर, आणि माझा हेल्पर ओरडला, "अण्णा, हे तर शून्य दाखवालंय की!" ते मीटर फक्त एसीचं होतं आणि आमचं वेल्डिंग डीसीवर. हे ज्यांना करायचं असेल त्यांनी आधीच लक्षात ठेवावं: डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वेगळा येतो. तो मिळायला दोन दिवस गेले.

मग आम्ही बसून मोजलं. काटा ११० वर, सकाळी सातला १०२. अकराला ९६. दुपारी तीनला, आजूबाजूचे सगळे कारखाने भरात असताना, ८९. आमच्यासारख्या जुन्या मशीनला येणारं व्होल्टेज पडलं की बाहेर पडणारा करंटही पडतो. शिवाय अर्थिंगच्या केबलचा लग, म्हणजे टोकाची जोडणी, जळून काळा झालेला. तो बदलून, टेबलाचा गंज घासून काढल्यावर आकडे थोडे वर आले. कूपनचा तिसरा पास मी दुपारी तीनच्या सुमाराला मारला होता. ३.१५ मिमीच्या ७०१८ ला साधारण १०० ते १४० अँपिअर लागतात. मी डोक्यावर, ९० च्या आत, थंड आर्कने रॉड ओढत होतो. आर्क जड चाललाय हे हाताला जाणवलं होतं, आणि उन्हामुळे असेल म्हणून मी ते सोडून दिलं. याचं मला नापास होण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. माझ्या हाताने मला सांगितलं होतं.

दुसरं कूपन मेच्या मध्यावर केलं, पहाटे साडेपाचला सुरुवात. या वेळी शेजारी चुलतभाऊ वही घेऊन बसला. प्रत्येक पासला करंट, व्होल्टेज, आर्क किती मिनिटं चालला, आणि पुढच्या पासआधी पाइपचं तापमान, जे आमच्या कृतीत २५० अंशांच्या आत ठेवायचं होतं. पाइपचा घेर ५२९ मिमी. आर्क सहा मिनिटं चालला तर वेग मिनिटाला ८८ मिमी. २४ व्होल्ट गुणिले ११० अँपिअर गुणिले ६०, भागिले ८८: म्हणजे मिलिमीटरला १८०० ज्यूल, १.८ किलोज्यूल. हे गणित आयटीआयमध्ये शिकवलं असेलही, पण मला ते त्या पहाटे समजलं. जोडात किती उष्णता गेली ते आता वहीत होतं, अंदाजावर नव्हतं. चौथ्या पासला मीटर १०१ वर आला. भावाने हात वर केला, मी थांबलो, हँडल फिरवलं, मग पुढे गेलो. मागच्या वेळी असं थांबवणारं कुणी नव्हतं.

या कूपनला सरांनी रेडिओग्राफीबरोबर अल्ट्रासॉनिकही करून घेतली. पुन्हा हुतात्मा, पुन्हा भोसरी. या वेळी मी मशीनजवळ उभा राहू शकलो नाही, बाहेर चहाच्या टपरीवर होतो. चारही पट्ट्या वळवून झाल्यावर लॅबमधला मुलगा स्वतः बाहेर आला आणि त्याने त्या माझ्या हातावर ठेवल्या. अजून कोमट होत्या. चारही साफ. मी बोट फिरवून पाहिलं, एकदा, परत एकदा.

काम मिळालं, जूनमध्ये सुरू झालं. रेक्टिफायरच्या काट्याशेजारी आम्ही पांढऱ्या रंगाने खरे आकडे लिहिले आणि खाली 'मीटर लावा' असं मोठ्या अक्षरात. नवीन इन्व्हर्टर मशीन दिवाळीच्या आधी घेतलं. सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर पात्रता जाते, म्हणून त्याचीही नोंद वहीत चालू आहे.

आणि एक राहिलं आहे. ६ इंचीवर मिळालेली पात्रता ७३ मिमी व्यासापर्यंतच खाली जाते. २ इंची पाइप ६०.३ मिमी, म्हणजे त्याची परीक्षा वेगळी. या वेळी चुलतभाऊ बसणार आहे. त्याचं कूपन बेव्हल करून ठेवलंय, रॉड शनिवारी रात्री ओव्हनमध्ये जातील, आणि वही घेऊन शेजारी मी बसणार आहे.