मामीने दादाचा शर्ट धरला म्हणून

दिवाळीत मामाच्या वस्तीवर गेले होते. वस्ती म्हणजे चारी बाजूंनी ऊस आणि मधी एकटं घर. रात्री दोनच्या सुमाराला पडवीच्या दाराची कडी उचकटल्याचा आवाज आला, मामा उठून बघतो तर समोर अनोळखी माणूस, हातात कोयता, मामाने कोपऱ्यातली पहार उचलून त्याच्या दंडावर घातली, कोयता पडला आणि तो ओरडत उसात पळाला. दादा तोच कोयता उचलून मागं निघाला तर मामीने त्याचा शर्ट मागून इतका गच्च धरला की दोन बटणं तुटून अंगणात पडली. "गेला ना तो, आता नाही जायचं!"

सकाळी भावकी जमली आणि जो तो एकच बोलायला लागला, मारूनच टाकायचा होता, रात्री घरात घुसला की खून माफ असतो. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय ना, आणि दरवेळी पोटात गोळा येतो.

खून माफ वगैरे काही नसतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम 34 ते 44 स्वतःच्या बचावाबद्दल आहेत (आधी आयपीसीत 96 ते 106 होती). जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी खरीखुरी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड फेकणं, अशा वेळी समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. रात्रीची घरफोडी, जबरी चोरी यांनाही हे लागू आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पहार किती जोरात घातली ते कोर्ट सोन्याच्या काट्यावर तोलत नाही, अंधारात कोयता बघून माणूस हिशोब करत बसत नाही हे त्यांनाही कळतं.

खरी मेख पुढं आहे. भीती संपली की हक्क संपला. शेताच्या भांडणातून झालेल्या गोळीबारात, जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने हेच धरलं, हल्ला करणारे पळत सुटल्यावर गोळ्या घातल्या म्हणून बचावाचा मुद्दा टिकला नाही. म्हणजे पडवीतला मामा कायद्याच्या आत होता आणि उसात शिरून त्याला मारलं असतं तर दादा खुनाचा आरोपी झाला असता, मधी अंतर फक्त वीस पावलांचं.

आणि नुसत्या संशयावरून मारणाऱ्या जमावाला तर हा हक्क अजिबातच नाही. 2018 मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं, कोंडलेल्या माणसापासून कसला आलाय बचाव? मला ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

मामाला म्हटलं, कोयता धुवू नको, कडी तशीच राहू दे, बचाव होता हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते, संशयापलीकडे सिद्ध करायची गरज नसते पण पटण्याजोगं तरी दिसायला हवं. आणि दादा मागं निघाला होता हेही लपवायचं नाही. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा बटणं अजून अंगणातच होती.