रेडॉनची वही: मे ते जुलै, धायरी

जमिनीतून घरात येणारा किरणोत्सर्गी वायू म्हणजे रेडॉन; तो मोजायचा मीटर घेऊन तीन महिने झाले. आमचं रो-हाउस, तळमजल्यावर जिन्याखाली अडगळीची खोली. खिडकी नाही, खाली शहाबादी फरशी आणि पावसाळ्यात तिच्या सांध्यांतून ओल वर येते. ओल येते तिथून वायूही येणार, या हिशेबाने मीटर आधी तिथेच ठेवला.

मेमध्ये दार दिवसभर उघडं असायचं. आठवड्याची सरासरी १८ बेकरेल प्रति घनमीटर, म्हणजे घनमीटरभर हवेत सेकंदाला रेडॉनचे १८ अणू फुटतात. खरं सांगतो, जरा हिरमुसलोच. पण पुण्याच्या पायाखाली बेसाल्ट आहे. त्यात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फारच कमी, मग त्यापासून होणारं रेडियम कमी आणि रेडियमपासून होणारा रेडॉनही कमी.

जुलैत झड लागली, दार बंद राहिलं. पहिल्याच दिवशी मीटरने ११२ दाखवले आणि मी लगेच दोघातिघांना फोन केले. तो गाढवपणा होता. इतक्या कमी पातळीवर यंत्राला तासाभरात अणू फुटताना निघणारे मोजकेच अल्फा कण सापडतात, त्यामुळे एका दिवसाचा आकडा वाटेल तसा उड्या मारतो. सात दिवसांची सरासरी ६४ निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भ पातळी १००. म्हणजे आम्ही आत आहोत, पण जमीन तीच, घर तेच, आणि नुसतं दार बंद केल्यावर तिपटीहून जास्त.

शेजारच्या काकूंना वेगळीच चिंता. "तू ते मशीन आमच्या ओट्यावर लाव. ग्रॅनाइट वाईट असतं म्हणे." मग मीटरवर मोठं पातेलं उपडं घातलं आणि कड कणकेने लिंपली, दम बिर्याणीसारखी. दोन दिवसांनी ४१. त्याच पातेल्याखाली लाकडी टेबलावर २४. ओट्यातून काहीतरी येतं असं वाटतं, पण दोन दिवसांच्या आकड्यांवर मी पैज लावणार नाही. शिवाय हे कोंडलेल्या हवेचं माप, स्वयंपाकघराचं नव्हे. काकूंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "कणीक मात्र वाया गेली."

सगळ्यात मजा आली ती स्कूटरवर. कोरड्या दिवसानंतर जोराची सर आली. सीटवरचं पाणी लगेच टिशू पेपरने टिपलं आणि घडी करून गायगर काउंटरच्या (किरणोत्सर्ग टकटक करून मोजणारं यंत्र) ट्यूबखाली ठेवली. एरवी मिनिटाला २२ टकटक, टिशूवर ७१! अर्ध्या तासाने ४५, तासाने ३२, दोन तासांनी जवळपास होतं तिथेच. हवेतला रेडॉन विघटित होऊन शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ तयार होतात, ते धुळीला चिकटतात आणि पाऊस त्यांना खाली आणतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, अनुक्रमे २७ आणि २० मिनिटांच्या आसपास, त्यामुळे टिपायला उशीर केलात तर हाती काही लागत नाही. माझ्या पहिल्या दोन सरी अशाच चहात गेल्या.

फुप्फुसांना त्रास होतो तोही मुख्यतः रेडॉनपासून होणाऱ्या याच पिलावळीचा, त्यातही पोलोनियमचा. रेडॉन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय वायू, श्वासाबरोबर आत येतो तसा बहुतेक बाहेर जातो. पिलावळ आत चिकटून बसते.

आता फरशीचे सांधे भरून घ्यायचे, दार तसंच बंद ठेवायचं आणि पुन्हा सात दिवस मोजायचं. गवंडी शुक्रवारी येतो म्हणालाय. कुठल्या शुक्रवारी, ते बोलला नाही.