चामड्याचा मुखवटा: पाण्याचा हिशोब आणि वरचं काम

चामड्याचा मुखवटा बिघडला की बोल रंगाला लागतो. रंग सुटला, तडकला, डाग उमटले. पण एकेक पायरी मागे जाऊन पाहिलं तर खोट बहुधा पाण्यातच निघते: चामडं जास्त भिजलं, घाईनं सुकवलं, किंवा पोटात ओल असतानाच त्यावर रंग चढवला.

आधी चामडं. वनस्पतिजन्य कमावणीचंच हवं, म्हणजे झाडांच्या साली-फळांतल्या टॅनिननं कमावलेलं, आणि वरून कसलाही लेप न दिलेलं. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं ओलं करून कितीही दाबा, सुकताना ते आकार सोडून देतं. ओळखायला सोपं आहे. पाण्याचा थेंब टाकला की वनस्पतिजन्य चामडं तो पिऊन तिथे गडद होतं. क्रोमचं कापलेल्या कडेला बऱ्याचदा निळसर-करडं दिसतं. अर्ध्या मुखवट्याला, म्हणजे तोंड मोकळं ठेवणाऱ्या, 2 ते 2.5 मिलिमीटर जाडी पुरते. दीड मिलिमीटरच्या खाली गाल लोंबतात, तीनच्या वर नाकाच्या बाजूच्या बारीक घड्या नीट बसत नाहीत. पोटाकडचं चामडं टाळलेलं बरं, ते वेडंवाकडं ताणलं जातं. खांद्याकडचं उत्तम. नमुना मांडताना मुखवट्याची मध्यरेषा जनावराच्या कण्याच्या रेषेला समांतर ठेवा, नाहीतर एक गाल दुसऱ्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि चेहरा तिरका होतो.

कडेनं 10 ते 15 मिलिमीटर जादा चामडं सोडून कापा. डोळ्यांची भोकं आधीच कापायची असतील तर हव्या मापापेक्षा 2 मिलिमीटर लहान कापा, कारण आकार देताना ती पसरतात. साच्यावर काम असेल तर डोळे शेवटीच कापावेत.

भिजवायला कोमट पाणी, गरम नाही. चामडं बुडवलं की बुडबुडे सुटतात; ते थांबले की बाहेर काढायचं. दोन मिलिमीटरला पाच ते दहा मिनिटं पुष्कळ होतात. लगेच कामाला लागू नका. प्लास्टिकमध्ये गुंडाळून काही तास ठेवलं की ओल आत-बाहेर सारखी होते. दोन दिवस तसंच विसरलात तर मात्र बुरशी धरते. तयार चामड्याची खूण अशी: वरचा रंग पुन्हा फिका होऊ लागलेला, हाताला मात्र गार; नख दाबलं तर वळ राहतो, पण पाणी वर येत नाही. पाणी वर येत असेल तर थांबा. अतिओल्या चामड्यावर काढलेली भुवई तासाभरात पुसट होते.

आकार मधून बाहेर देत जायचा. आधी नाकाचा दांडा, मग भुवया, मग गाल. बोटं, हाडाची किंवा लाकडाची घोटणी आणि चमच्याच्या पाठीसारखं गोल टोक, एवढ्यावर बहुतेक काम होतं. नखं कापून घ्या, अंगठ्या काढून ठेवा. ओल्या चामड्यावरचा ओरखडा कायमचा. एका बैठकीत सगळं काढण्याचा हट्ट नको. थोडं सुकू द्या, पुन्हा दाबा, असं तीन-चार वेळा. अर्धवट सुकलेलं चामडंच आकार सगळ्यात घट्ट धरून ठेवतं.

ओल्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. जुनी शाई याच क्रियेवर बनायची. टाचण्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. डाग पडलाच तर रंग लावण्याआधी लिंबाचा रस चोळून साध्या पाण्यानं पुसा. इटलीतल्या कोमेडिया देल्लार्ते या जुन्या मुखवटा-नाट्याच्या मुखवट्यांत चामडं कोरीव लाकडी साच्यावर शिंगाच्या हातोडीनं ठोकून बसवतात. विसाव्या शतकात पादुआच्या आम्लेतो सार्तोरी यांनी ही कला पुन्हा उभी केली. शिंग डागही पाडत नाही आणि चामड्याची वरची बाजूही सहसा फाडत नाही.

सुकवणं सावलीत, निदान 24 तास. कडकपणा हवा असेल तर पूर्ण सुकल्यावरच साधारण 60 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं, लक्ष ठेवून. ओलं चामडं तापवलं तर 70 ते 85 अंशांच्या दरम्यान त्यातले कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आकसतात. मग मुखवटा लहान होतो, सुरकुततो, ठिसूळ होतो, आणि त्याला परतीची वाट नाही.

आता कडा. हा भाग लोक उरकून टाकतात आणि मुखवटा तिथेच कच्चा दिसतो. रापीनं जादा चामडं काढा, दोन्ही बाजूंची धार मोडा, 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. कड किंचित ओली करून भिजवलेल्या कतिरा डिंकाचा हात द्या आणि लाकडानं चमक येईपर्यंत घोटा. डोळ्यांची कड आतल्या बाजूनं तिरकी तासावी: नजरेला जागा मिळते आणि पापणीला टोचत नाही.

स्पिरिटमधला रंग पातळ दोन हातांत, गोल फिरवत लावा. सुकल्यावर कापडानं घासत राहा, कापड कोरं निघेपर्यंत. काळ्या आणि लाल रंगात हे टाळलंत तर घामासरशी कपाळ रंगतं. अॅक्रिलिकचेही तीन-चार पातळ थर द्या. एक जाड थर वाकताना तडकतो. जुनेपणाची छटा हवी असेल तर गडद रंग खाचांत भरून उंचवट्यांवरून लगेच पुसून घ्या. तेल मात्र पाजू नका, मेहनतीनं आणलेला ताठपणा जातो. मेणात बुडवून कडक करता येतं, पण मग त्यावर अॅक्रिलिक धरत नाही आणि उन्हात मुखवटा मऊ पडतो. रंगीत कामाला मेण नकोच.

रंगानंतर एक दिवस थांबून संरक्षक अॅक्रिलिक लेप, निम्मं पाणी घालून, दोनदा. खरखरीत आतल्या बाजूलाही तोच लेप द्यायचा, कारण घाम तिथूनच शिरतो.

फितीची भोकं कानशिलावर, कानाच्या जरा वरच्या रेषेत, कडेपासून 10 मिलिमीटर आत. खाली घेतलीत तर फीत ताणली की मुखवटा वर सरकतो आणि खालची कड डोळ्यांत येते. भोक 4 मिलिमीटरचं, गोल पंचनंच पाडा. सुरीनं चिरलेलं भोक पहिल्याच जोरदार ताणाला कोपऱ्यातून फाटतं.