तुम्ही विचारलंत म्हणून : जमिनीखालची अणुचाचणी ओळखतात कशी?

सोलापुरात भूकंपावर बोलणं झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "सर, एखाद्या देशानं जमिनीखाली गुपचूप अणुबॉम्ब फोडला, तर जगाला कळतं कसं? आणि तो भूकंप नव्हता, हे कशावरून म्हणायचं?" या शहरात हा प्रश्न निघावा याचं मला नवल वाटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारी माणसं इथे घरोघरी आहेत. किल्लारी इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तेव्हापासून तावदानं जरा वाजली की "भूकंप का सुरुंग?" ही चर्चा सुरू होते. अणुचाचणीचा प्रश्न म्हणजे याच चर्चेचा पुढचा टप्पा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धक्का किती मोठा होता यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते कुठल्या जातीच्या लाटा किती प्रमाणात निघाल्या यावरून. स्फोट झाला की भोवतालचा खडक चहूबाजूंनी एकदम बाहेर ढकलला जातो. त्यातून मुख्यतः पी लाट निघते, खडकाला पुढे-मागे दाबत जाणारी. भूकंपात भेगेच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, खडक कातरला जातो, आणि त्यातून आडवं हलवणारी एस लाट जोरात निघते. जमिनीच्या वरच्या थरातून रेंगाळत येणाऱ्या पृष्ठलाटाही भूकंपात भरपूर असतात. सगळी ओळख याच फरकावर उभी आहे.

३ सप्टेंबर २०१७ चं उदाहरण घेऊ. उत्तर कोरियानं पुंग्गे-री इथे स्फोट केला तेव्हा आपल्याकडे रविवारची सकाळ होती, बरोबर ९ वाजले होते. ती जागा सोलापूरपासून सुमारे ५,७०० किलोमीटर. पी लाट पृथ्वीच्या पोटातून वाट काढत ९ वाजून ९ मिनिटांच्या सुमारास आपल्या पायाखालून गेली. अणुचाचणीबंदी करारासाठी जगभर कान ठेवून असलेल्या व्हिएन्नाच्या यंत्रणेनं त्या स्फोटाची तीव्रता ६.१ धरली. एवढ्या तीव्रतेचा स्फोट एवढ्या अंतरावर जमीन किती हलवतो, याचा हिशेब केला तर उत्तर येतं एका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा, साधारण पाचवा हिस्सा. माणसाच्या केसाची जाडी याच्या काहीशे पट असते. आणि हा मोठा स्फोट झाला. त्याच देशाच्या ९ ऑक्टोबर २००६ च्या पहिल्या चाचणीची तीव्रता ४.१ होती, म्हणजे हालचाल आणखी शंभर पटींनी कमी. तरीही जगभरातल्या बावीस केंद्रांनी ती टिपली. त्यातलं एक बोलिव्हियात, पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाला होतं.

इतकं बारीक ऐकायचं तर चांगलं यंत्र लागतंच, पण त्याहून महत्त्वाची असते जागा. हे लोकांना पटायला वेळ लागतो, म्हणून सोलापूरचंच उदाहरण देतो. समजा, इथे एक चांगलं भूकंपमापन केंद्र उभारायचं आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. तिच्यावर चौथरा बांधला तर तो वर्षभर कणाकणानं कलत राहतो. संवेदनशील सिस्मोमीटरला, म्हणजे भूकंपमापक यंत्राला, हा कल म्हणजे जमीन आडवी सरकल्यासारखाच वाटतो. उभ्या दिशेची नोंद बरी येते, पण उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन्ही रेघा वाहून जातात. म्हणून माती आणि मुरूम पूर्ण काढून चौथरा थेट खडकावर घ्यायचा. खोलीच्या भिंतीला आणि फरशीला तो कुठेही चिकटता कामा नये. चारी बाजूंनी बोटभर फट ठेवायची, नाहीतर वारा भिंत हलवतो आणि भिंत यंत्र हलवते. यंत्रावर थर्मोकोलची जाड पेटी उपडी घालायची, कारण एप्रिल-मे मधल्या दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकानंही रेघ सरकते. दिशा लावताना होकायंत्रावर विसंबू नये. आसपासच्या काँक्रीटमध्ये सळई असेल तर सुई भलतीकडेच वळते.

एवढं करूनही सोलापुरात यंत्रमाग आहेत. मिनिटाला दीडशे फेरे मारणाऱ्या मागाचा धोटा सेकंदाला अडीच वेळा आपटतो. असे शेकडो माग एका भागात चालू असले की जमिनीत अडीच हर्ट्‌झची एक कायमची थरथर भरून राहते. नेमकी दूरच्या स्फोटाची पी लाटही अर्धा ते चार हर्ट्‌झच्या पट्ट्यातच शोधायची असते. म्हणजे ज्या खिडकीतून बघायचं, तिच्यातच गोंगाट. म्हणून अशी केंद्रं शहरं, रेल्वे, धरणं आणि समुद्रकिनारा यांच्यापासून दूर असतात, आणि बऱ्याच ठिकाणी यंत्र खडकात शंभर मीटरपर्यंत खोल भोक पाडून त्यात उतरवतात.

यंत्रातून येणारा विजेचा संकेत २४ बिटांच्या डिजिटायझरमधून, म्हणजे संकेताचे आकडे करणाऱ्या यंत्रातून, जातो. म्हणजे मोजपट्टीला सुमारे १ कोटी ६८ लाख खुणा. त्यामुळे नॅनोमीटरची हालचालही सुटत नाही आणि मोठ्या भूकंपात नोंद कापलीही जात नाही. घड्याळ जीपीएसवर चालतं आणि ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर असावं लागतं. इतका कटाक्ष का? पी लाट सेकंदाला आठेक किलोमीटर जाते. एका केंद्राचं घड्याळ दोन सेकंद चुकलं की ते केंद्र स्फोटाची जागा सोळा किलोमीटरनी भलतीकडे ओढतं. प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी करायची झाली तर १९९६ च्या चाचणीबंदी करारात मुभा आहे १,००० चौरस किलोमीटरचीच, म्हणजे अठराएक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाची. दोन सेकंदांत ते सगळं हातचं जातं.

अशा केंद्रांच्या जगभरच्या जाळ्याची सुरुवात शीतयुद्धात झाली. सप्टेंबर १९५७ मध्ये अमेरिकेनं नेवाडात पहिली पूर्णपणे बंदिस्त भूमिगत चाचणी केली. १९५८ मध्ये जिनिव्हात दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ बसले, तेव्हा लक्षात आलं की भूमिगत स्फोट ओळखण्याइतकं भूकंपशास्त्र पुढे गेलेलंच नाही. मग साठच्या दशकात अमेरिकेनं सुमारे साठ देशांत एकसारखी यंत्रं असलेली जवळजवळ १२० केंद्रं उभी केली. आपल्याकडे पुणे, दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकनाल. प्रत्येक ठिकाणी तीन कमी आवर्तकाळाचे (जलद थरथर टिपणारे) आणि तीन दीर्घ आवर्तकाळाचे (संथ हेलकावे टिपणारे) सिस्मोमीटर, फिरत्या ड्रमवर फोटोचा कागद, आणि रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं घड्याळ. एकसारखेपणा ही त्यातली खरी ताकद. त्याआधी प्रत्येक वेधशाळेचं यंत्र वेगळं, त्यामुळे एकीची रेघ दुसरीच्या रेघेशी ताडून बघता येत नसे. बॉम्ब शोधायला उभारलेल्या या जाळ्यातून भूकंपांच्या जागा आणि भेगांच्या सरकण्याच्या दिशा इतक्या स्वच्छ दिसल्या, की भूपट्ट सरकतात या कल्पनेला भक्कम पुरावा मिळाला. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोठं देणं तेच.

याच काळात ब्रिटनच्या मदतीनं आणखी एक प्रकार आला : एका ठिकाणी एक यंत्र न ठेवता वीसेक यंत्रं काही किलोमीटरवर पसरून ठेवायची. असा एक संच भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६५ मध्ये कर्नाटकात गौरीबिदनूरला उभारला. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेसनं बंगळुरूला जाताना हिंदुपूरनंतर ते गाव लागतं. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन लांब भुजांवर यंत्रं मांडलेली. लाट सगळ्या यंत्रांपाशी एकाच क्षणी पोचत नाही. या विलंबावरून ती कुठल्या दिशेनं आणि किती लांबून आली हे कळतं. मग प्रत्येक नोंद तेवढ्या विलंबानं मागे सरकवून सगळ्यांची बेरीज केली, की खरी लाट एकावर एक रचली जाते आणि स्थानिक गोंगाट एकमेकांत विरतो. वीस यंत्रांत गोंगाटाच्या तुलनेत संकेत साधारण साडेचार पटींनी उठून दिसतो. साडेचार म्हणजे वीसचं वर्गमूळ.

आता ओळखण्याच्या कसोट्या. पहिली खोलीची. माणसानं पाडलेलं सर्वांत खोल भोक, रशियातलं कोला इथलं, सव्वाबारा किलोमीटरचं आहे. केंद्रबिंदू तीस-चाळीस किलोमीटर खाली असेल तर प्रश्नच मिटतो, तो भूकंप. पण किल्लारीसारखा भूकंप दहा किलोमीटरच्या आतलाच असतो, तिथे ही कसोटी उपयोगाची नाही. तेव्हा दुसरी लावतात : एका सेकंदाच्या आसपासच्या पी लाटेवरून काढलेली तीव्रता आणि वीस सेकंदांच्या पृष्ठलाटेवरून काढलेली तीव्रता यांची तुलना. भूकंपात दोन्ही आकडे जवळपास येतात. स्फोटात पृष्ठलाटेचा आकडा बराच, पुष्कळदा एक किंवा त्याहून जास्त अंकानं, मागे राहतो. अनेक वर्षं ही सर्वांत भरवशाची कसोटी मानली गेली. मात्र उत्तर कोरियाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत पृष्ठलाटा अपेक्षेपेक्षा मोठ्या निघाल्या, आकडे काठावर आले आणि सीमारेषा नव्यानं आखावी लागली. म्हणून जवळच्या केंद्रांवर तिसरी कसोटी लागते. सहा-आठ हर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात पी आणि एस यांची उंची मोजायची. स्फोटात पी ठसठशीत आणि एस दबलेली. भूकंपात एस वरचढ.

पहिला हेलकावा वर की खाली, यावरून ओळखता येईल असं पुस्तकात वाचून बरेच जण विचारतात. स्फोटात तो सगळीकडे बाहेरच्या दिशेनं, भूकंपात काही दिशांना बाहेर आणि काही दिशांना आत, हे खरं. पण छोट्या घटनेत पहिला हेलकावा गोंगाटातच बुडालेला असतो, म्हणून त्यावर एकट्यानं निर्णय देणं धोक्याचं.

घाई केली तर काय होतं, याचं उदाहरण १६ ऑगस्ट १९९७ चं. रशियाच्या नोवाया झेमल्या चाचणीक्षेत्राच्या बाजूला एक छोटी घटना नोंदली गेली आणि अमेरिकेत अणुचाचणीचा संशय घेतला गेला. नीट स्थान काढलं तेव्हा ती जागा चाचणीक्षेत्रापासून सुमारे १३० किलोमीटरवर, कारा समुद्राच्या तळाखाली निघाली. एस लाट जोरदार होती आणि चारेक तासांनी त्याच भागात आणखी एक लहान धक्का बसला होता. तो भूकंपच होता.

स्फोट ओळखला तरी त्याची ताकद सांगणं अवघड, कारण खडक मध्ये येतो. कठीण, ओल्या खडकात एक किलोटनचा (हजार टन टीएनटीइतका) स्फोट चारच्या वर तीव्रता देतो. कोरड्या, भुसभुशीत मातीत तोच स्फोट कितीतरी दुबळा दिसतो. पोखरणला ११ मे १९९८ चे तीन एकत्र स्फोट जगभर नोंदले गेले. पण १३ मेचे दोन, प्रत्येकी एक किलोटनपेक्षा लहान आणि वाळूच्या ढिगातले, बाहेरच्या केंद्रांना दिसले नाहीत. मोठी पोकळी खणून तिच्यात स्फोट केला तर धक्का आणखी मरतो. अमेरिकेनं १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या मिठाच्या थरात हे करून पाहिलं, तेव्हा संकेत सुमारे सत्तर पटींनी घटला. पण ती पोकळी आधीच्या, १९६४ च्या मोठ्या अणुस्फोटानं झालेली होती. कुणाच्या नजरेस न पडता एवढी पोकळी खणून माती लपवणं सोपं काम नाही.

१९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारातलं जाळं आज या सगळ्याचा कणा आहे. त्यात ५० प्राथमिक आणि १२० सहायक भूकंपकेंद्रांची तरतूद आहे, शिवाय समुद्रातला आवाज, हवेतला अतिमंद ध्वनी आणि किरणोत्सारी कण टिपणारी केंद्रं वेगळी. भूकंपाच्या लाटा स्फोट झाला एवढं सांगतात. तो अणूचाच होता याचा पुरावा अणुस्फोटात तयार होणारा किरणोत्सारी झेनॉन वायू देतो. कोरियाच्या फेब्रुवारी २०१३ च्या चाचणीचा झेनॉन जपानमध्ये ५५ दिवसांनी सापडला. भारतानं या करारावर सही केलेली नाही आणि इथे त्या जाळ्याचं एकही केंद्र नाही. राजकारण बाजूला ठेवून शास्त्रापुरतं बोलायचं, तर दख्खनच्या जुन्या, शांत खडकावरच्या नोंदी सर्वांना खुल्या मिळाव्यात असं मला मनापासून वाटतं.

राहिला सोलापूरचा सुरुंग. खडीच्या खाणीत एका ओळीतली भोकं एकदम उडवत नाहीत. दोन भोकांत सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढं, असं अंतर ठेवून एकामागून एक उडवतात, म्हणजे दगड नीट फुटतो आणि धक्का कमी बसतो. या ठरावीक अंतरामुळे नोंदीच्या वर्णपटात, म्हणजे कुठल्या कंपनाचा जोर किती हे दाखवणाऱ्या आलेखात, समान अंतरावर पट्टे उमटतात. एकाच वेळी फुटणाऱ्या अणुस्फोटात असे पट्टे नसतात, भूकंपातही नाही. शिवाय सुरुंगाची हवेतली लाट मागून, सेकंदाला ३४० मीटरच्या हिशेबानं येते. जमीन आधी हलली आणि काही सेकंदांनी तावदानं वाजली, तर ते सेकंद मोजून ३४० नं गुणा, खाण किती मीटरवर आहे ते जवळपास कळेल. वेळ दिवसाची असेल तर संशय आणखी पक्का.

घरी बघायची हौस असेल तर साडेचार हर्ट्‌झचा एक उभा जिओफोन (जमिनीची वर-खाली हालचाल टिपणारा छोटा संवेदक), डिजिटायझर आणि रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक एवढ्यावर काम होतं. तळमजल्याच्या जमिनीवर, कोपऱ्यात ठेवा. गच्चीवर किंवा वरच्या मजल्यावर नको, तिथे इमारतीचंच डोलणं नोंदलं जातं. बोअरच्या पंपापासून आणि फ्रिजपासून शक्य तितकं लांब. मागांच्या भागात राहत असाल तर वर्णपटात अडीच, पाच, साडेसात हर्ट्‌झवर आडव्या रेघा दिसतील. वीज गेली की त्या एका क्षणात पुसल्या जातात. दूरचा मोठा भूकंप दिसायचा असेल तर तो अशाच वेळी दिसतो, फक्त तुमच्या यंत्राला बॅटरी जोडलेली हवी.