कपाटातलं कोरं कापड विकायला काढताना

क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधड्या, शिवणाऱ्यांच्या घरी शिवून होईल त्याच्या दुप्पट-तिप्पट कापड साठलेलं असतं. मग घर बदलायचं ठरतं, डोळे साथ देईनासे होतात, किंवा शिवणारी व्यक्ती जाते आणि घरच्यांपुढे चार खोकी उरतात. पहिला प्रश्न असतो, याचे किती येतील? उत्तर जुन्या बिलांत शोधू नका. तुम्ही काय भावानं आणलं याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही. त्याला तीन गोष्टी पक्क्या कळायला हव्यात: कापड कशाचं आहे, नेमकं किती आहे, आणि कोरं आहे की पाण्यातून काढलेलं. या न सांगता 'सुंदर कॉटन कटपीस, कोणाला हवेत का?' असा मेसेज टाकला, की किलोचाच भाव येतो.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. सगळं कापड मोजत बसण्याआधी साठा केवढा आहे याचा अंदाज हवा. परदेशी क्विल्टिंग कॉटन चौरस मीटरला साधारण १४० ते १५० ग्रॅम भरतं, म्हणजे ४३-४४ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) एक मीटर १६० ग्रॅमच्या आसपास. आपलं कॅम्ब्रिक त्याहून हलकं, मांजरपाट आणि खादी कशीही. त्यामुळे प्रत्येक जातीचा एक मीटर तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि गठ्ठ्याच्या वजनाला त्या आकड्यानं भागा. १८ किलोचं खोकं, मीटरला १६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ११२ मीटर. दुकानात तसं कापड आज १८० रुपये मीटर असेल तर कागदावर वीस हजार होतात. हातात सात-आठ हजार आले तर विक्री चांगली झाली असं समजा. हा आकडा आधीच पचवलेला बरा, नाहीतर पहिल्याच घासाघिशीत खोकी पुन्हा माळ्यावर जातात.

पुढचं काम जाती वेगळ्या करण्याचं. शंभर टक्के सुती एकीकडे, मिश्र आणि पॉलिस्टर दुसरीकडे, रेशमी आणि खण तिसरीकडे. हाताला कळत नसेल तर काठाचे चार-पाच धागे ओढून स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटात चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि कडक मणी होतो. तो गार होईपर्यंत हात लावू नका. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे तपासायचे, कारण कित्येक कापडांत एका बाजूला सूत आणि दुसऱ्या बाजूला पॉलिस्टर असतं. एवढी खातरजमा यासाठी, की क्विल्टवाल्या गिऱ्हाइकाची इस्त्री कडक असते. सुती म्हणून दिलेल्या गठ्ठ्यातला एक तुकडा इस्त्रीखाली चिकटला, की तुमच्या उरलेल्या सगळ्या कापडावरचा तिचा विश्वास उडतो.

छपाईबद्दलही तेच. ठाऊक नसेल तर 'हँडब्लॉक' लिहू नका. खऱ्या ठशाच्या कामात दोन ठसे जुळतात तिथे थोडा सांधा दिसतो, रंग कुठे गडद कुठे फिका लागतो. स्क्रीन छपाईत बुट्टी न् बुट्टी सारखी येते. अजरखच्या, म्हणजे कच्छकडच्या पारंपरिक ठसेकामाच्या, धर्तीवर छापलेली स्क्रीन प्रिंट बाजारात भरपूर आहे आणि शिवणाऱ्याच्या दृष्टीनं त्यात वाईट काही नाही. फक्त तिला अजरख म्हणून अजरखचा भाव लावला, की जाणकार बाई तो फोटो ग्रुपवर फिरवतात.

आता खराबा काढा. डांबराच्या गोळ्यांचा वास, बुरशीचे ठिपके, कसरीनं खाल्लेल्या जागा, आणि घडीवर विटलेला रंग, हे चार दोष जवळजवळ प्रत्येक जुन्या साठ्यात सापडतात. कसर खळीला लागते, म्हणून कोरं कापड धुतलेल्यापेक्षा जास्त खाल्लं जातं. असं कापड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर किडे मरतात. गोळ्यांचा वास आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर दोरीला लावून बराचसा जातो. उन्हात टाकायचा मोह होतो, पण गडद रंग एका दुपारीत उतरू शकतो. बुरशीचे काळे ठिपके धुऊन जात नाहीत. तेवढा भाग मापातून वजा करा. दोन्ही अंगठे घडीवर ठेवून कापड तिरकं ताणून बघा. टर्रकन फाटलं तर ते विकायचं कापडच नाही. जुन्या कलमकारीतल्या काळ्या रेषांवर ही परीक्षा हमखास करा, लोहाच्या काळ्या रंगानं सूत कालांतरानं कुजतं.

कोरं की धुतलेलं, हे आठवत नसेल तर पाण्याचा थेंब टाका. खळ असलेल्या कापडावर तो काही क्षण उभा राहतो, धुतलेल्यात लगेच जिरतो. अगदी बिनचूक परीक्षा नव्हे, पण अंदाज येतो. काही जणी धुतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत, काहींना खळीचा ताठपणाच हवा असतो. दोघींना गिऱ्हाईक म्हणून ठेवायचं तर खरं तेच लिहा. सुती कापड पहिल्या पाण्याला तीन ते पाच टक्के आटतं, त्यामुळे धुतलेलं आणि कोरं एकाच गठ्ठ्यात घालू नये. लाल, मरून, काळा आणि निळीचा रंग ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा आणि रुमालाला लागत असेल तर तसंही लिहा.

मोजताना काठाच्या बाजूनं मोजा, आणि दुकानात तिरकं कापलं गेलेलं असेल तर कमी भरेल ती बाजू धरा. २ मीटर १४ असेल तर २ मीटर १० लिहा. पन्हा काठ सोडून मोजा, कारण काठ शिवणीत घेत नाहीत. प्रत्येक तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी हवी, पण टाचणीनं नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत टाचणी गंजते आणि गंजाचा डाग कायमचा राहतो. चिठ्ठी घडीत खोचून सुती दोऱ्यानं बांधली की झालं.

भावाचा पाया म्हणजे तशाच दर्जाचं कापड आज दुकानात काय भावानं मिळतं तो आकडा. लक्ष्मी रोड, मंगलदास मार्केट किंवा तुमच्या गावचं नेहमीचं दुकान, कुठलंही एक धरा आणि विक्री संपेपर्यंत तेच ठेवा. त्यावर माझा हिशोब असा: सलग तीन मीटरच्या वर, कोरं, निर्दोष असेल तर ६५ टक्के; दोन ते तीन मीटरला ६०; एक ते दोन मीटरला ५०; अर्धा ते एक मीटरला ४०. धुतलेल्याला यातून दहा टक्के कमी. परदेशी ब्रँडचं कापड, काठावर नाव छापलेलं असेल तर, थोडं वर जातं, पण काठ कापून टाकला असेल तर तोही फायदा गेला. म्हणून विकायच्या कापडाचे काठ कधीच कापू नका.

लांब तुकड्याला जास्त टक्के का, तर त्यातून काय होतं हे बघा. ६० बाय ९० इंचाच्या एकेरी गोधडीचं अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं, म्हणजे ६४ बाय ९४ लागतं. ४३ इंची पन्ह्याच्या दोन लांब्या जोडाव्या लागतात: ९४ दुणे १८८ इंच, म्हणजे पावणेपाच मीटरच्या थोडं वर. पाच मीटरचा सलग तुकडा पूर्ण अस्तर असतो. तोच तीन आणि दोन असा कापला की अस्तर राहत नाही, नुसतं कापड राहतं. त्यामुळे पाच मीटरमधलं 'दोनच मीटर द्याल का' विचारणाऱ्यांना नाही म्हणा. उलट, अर्धा मीटरचा रेघांचा किंवा एकरंगी तुकडा फालतू वाटतो, पण त्याच गोधडीच्या कडेच्या पट्टीला तो पुरतो. परिघ ३०० इंच, कोपरे आणि जोड धरून ३१०. अडीच इंची पट्ट्या आठ. आठ गुणिले अडीच, वीस इंच, म्हणजे अर्ध्या मीटरहून अगदी किंचित जास्त. ५२ सेंटिमीटर असेल तर 'एकेरी गोधडीची पूर्ण पट्टी निघते' एवढं लिहिलं की तुकडा उठतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यातला हिशोब तुम्ही करून दिलात की ते घासाघीस कमी करतं.

फॅट क्वार्टर, म्हणजे क्विल्टसाठी कापलेले जवळजवळ चौकोनी पाव-तुकडे, कापून विकावेत का, हा वादाचा विषय. मूळ माप १८ बाय २२ इंच. मीटरात विचार केला तर ४३-४४ इंची पन्ह्याच्या एका मीटरातून साधारण ५० बाय ५४ सेंटिमीटरचे चार निघतात. दुकानभाव १८० असेल तर सलग मीटर नव्वदला जातो, चार तुकडे पस्तीसप्रमाणे १४० देतात. वरचे पन्नास रुपये इस्त्री, कापणं, घड्या आणि चार वेगळ्या गिऱ्हाइकांशी बोलण्याचे. तरीही बारीक नक्षीचं, सव्वा मीटरच्या आतलं कापड असेल तर कापा, आणि सुटं न विकता आठांचा रंगजुळणीचा गठ्ठा करा: तीन गडद, तीन मध्यम, दोन फिके. फिके बहुतेकांकडे कमी असतात, म्हणून त्यांच्यामुळे गठ्ठा विकला जातो. मोठ्या फुलांचं किंवा एकाच दिशेनं जाणारं चित्र असेल तर कापू नका, चित्र अर्धवट तुटतं.

खण आणि इरकलीचे तुकडे या हिशोबात बसत नाहीत. अस्सल खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून मीटरवर तुलना फसते. शिवाय हल्ली यंत्रमागावरचं पॉलिस्टर खणही मुबलक आहे, तेव्हा जाळून बघितल्याशिवाय 'सुती-रेशमी' म्हणू नका. हे क्विल्टवाल्यांना विकण्यापेक्षा पिशव्या, तोरणं, बटवे शिवणाऱ्यांना विका, आणि गुढीपाडवा किंवा गणपतीच्या दीड-दोन महिने आधी काढा. त्यांना शिवायला वेळ लागतो; सणाच्या आठवड्यात कोणी कच्चा माल घेत नाही.

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न वापरता. एका कोपऱ्यात पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग पिवळट आला तर पाहणाऱ्याला कळतं. मोजपट्टी चित्रात हवीच, नाहीतर बुट्टी वाटाण्याएवढी की लिंबाएवढी हे समजत नाही. मजकूर असा पुरेसा: 'क्र. १४. सुती, निळ्यावर पांढरी बुट्टी, स्क्रीन प्रिंट. पन्हा ४३ इंच, लांबी २ मीटर १०. कोरं. एका काठाला सुताच्या गाठी. २१० रु., टपाल वेगळं.' साठ टक्क्यांनी २२७ होत होते, गाठींपायी सतरा सोडले. एका दिवशी दहा-बाराच तुकडे टाका आणि प्रत्येक खेपेत दोन-तीन देखणे ठेवा. सगळं एकदम मांडलं तर पहिल्या तासात मलई जाते आणि उरलेलं बघायला कोणी परत येत नाही. 'हवं' लिहिणाऱ्या पहिल्या व्यक्तीसाठी चोवीस तास राखायचं, पैसे आले नाहीत तर दुसरीला. हा नियम आधी लिहून ठेवला की नंतर वाईटपणा येत नाही.

पैशाच्या बाबतीत एकच सावधगिरी. 'मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' असं कोणी म्हणालं तर तो चोर आहे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉटही धरू नका, खात्यात बघून मगच पार्सल बांधा.

पार्सलचं वजन आधी जुळवा. स्पीड पोस्ट आणि बरेच कुरिअर ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं दर लावतात. तीन मीटर क्विल्टिंग कॉटन ४८० ग्रॅम भरतं, पण प्लास्टिक आणि बाहेरची पिशवी धरून ते ५२०च्या घरात जातं आणि पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. अशा वेळी गिऱ्हाइकाला सांगा, एवढ्याच टपालखर्चात आणखी अडीच मीटर येईल, काही हवंय का? बहुतेक वेळा हवं असतं. पावसाळ्यात आतली पिशवी चिकटपट्टीनं पूर्ण बंद करा.

अर्धवट जोडलेल्या गोधड्यांची मात्र फार आशा धरू नका. त्यात गेलेल्या कापडाएवढेही पैसे येत नाहीत, कारण दुसऱ्याच्या शिवणीची उसवाउसव कोणाला नको असते. कटर, मापाच्या पट्ट्या, कापायची मॅट यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं, पण मॅट टेबलावर सपाट बसते का बघा. उन्हात किंवा गाडीत राहिलेली मॅट वाकते आणि ती कोणाच्याच कामाची नसते.

दीड महिन्यात न गेलेलं कापड एका रविवारी घरी मांडा, तीन तास, पिशवीभर ठरावीक रकमेला. मोठे तुकडे जातीनुसार, छोटे रंगानुसार लावा. त्यातूनही उरलेल्या चिंध्यांमधल्या पाच इंची चौकोन निघेल एवढ्या वेगळ्या काढून किलोनं द्या, आणि त्याहून बारीक गोधड्या शिवणाऱ्या बायकांना किंवा बालवाडीला. बोहारीण दारात आली म्हणून मात्र कोरं सलग कापड भांड्यावर देऊन टाकू नका. तिला जुने कपडे हवे असतात, आणि पाच मीटरच्या अस्तराबदली स्टीलचा डबा म्हणजे किलोच्या भावाहूनही कमी.