रेडिओच्या डायलचा दोरा बदलायला घेतला, आणि ग्रीडवर २.८ व्होल्ट सापडले

सापडली! दीड महिना छळणारी विजेची गळती काल संध्याकाळी हाती लागली. व्हॉल्व्हमध्ये नव्हती, कंडेन्सरमध्येही नव्हती.

खानापूरच्या आत्याचा पाच व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) जुना रेडिओ सेट मागच्या वेळच्या नोंदीत होता, तोच हा. तक्रार एवढीच होती की काटा हलत नाही. दोरा तुटलेला, तासाभराचं काम. ते खरोखर तासाभरात झालंही. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या एका विणकर काकांनी जकार्डच्या मागाचा दोरा दोन मीटर काढून दिला. तीन वेढे, स्प्रिंगला गाठ, आणि काटा असा फिरला की बघत राहावं. हा दोरा ताणत नाही आणि ड्रमवर घसरत नाही. तंगूस (नायलॉनचा धागा) मी कायमची सोडली. डायलवर तरंगलांबीच्या मीटरचे आकडे आहेत, त्यामुळे ७६५ किलोहर्ट्झचं धारवाड ३९२ वर आणि १२५१ चं सांगली २४० वर. दोन्ही अगदी खुणेवर बसले. आयएफच्या (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या कॉइलींच्या) गाभ्यांना हात लावला नाही आणि लावणारही नाही. ते जागेवर असताना लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवणाऱ्यांनी कितीतरी चांगले सेट मुके केलेत.

पण वीस मिनिटं वाजला की आवाज घोगरा व्हायचा. शब्द चिरडल्यासारखे, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हात लावला तर चटका.

ईएल८४ च्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या, कॅथोडवर (जिथून इलेक्ट्रॉन निघतात त्या टोकावर) मीटर लावला. १५० ओहमवर ७.४ व्होल्ट हवेत, म्हणजे ४९ मिलिअँपिअर. इथे आकडा चढत चढत ११ च्या पुढे. ग्रीडवर (करंटला लगाम घालणाऱ्या जाळीवर) शून्य हवं, तिथे अधिक सहा. कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाज ग्रीडवर आणणारा आणि डीसी अडवणारा) गळतोय हे उघड होतं. जुना कागदी काढून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून मागवलेला ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावला. त्या दुकानाचा माल आजवर चोख निघालाय. (मेन कंडेन्सर मात्र एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतले. वर ४७ मायक्रोफॅरड छापलेलं, मोजले तर ३१ भरले. परत पाठवले.) त्याच दिवशी मेन्सचं टॅपिंग (ट्रान्सफॉर्मरला लाईन जोडायचं टोक) २२० वरून २४० वर नेलं, कारण आमच्याकडे रात्री लाईन २४० च्या वरच असते. एच.टी. (व्हॉल्व्हना लागणारा चढा डीसी व्होल्टेज) २६८ वरून २५० वर आली.

त्या रात्री सेट तासभर वाजला. आत्याला फोनवर ऐकवलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, आणि पुन्हा तेच. कॅथोड ९.६, म्हणजे ६४ मिलिअँपिअर. ईएल८४ ची प्लेट १२ वॅटची, आणि ती तेरा-चौदा वॅट खात होती. ग्रीडवर या वेळी अधिक २.८. सकाळी थंड असताना तिथेच जेमतेम ०.४.

मग संशय व्हॉल्व्हवर. गरम झाल्यावर ग्रीड वर चढतो म्हणजे व्हॉल्व्ह गॅसी (आतली निर्वात पोकळी बिघडलेला), असं आपण सगळेच म्हणतो. माझ्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक न वापरलेला ईएल८४ जपून ठेवलेला आहे. बंगळूरला १९६१ पासून हे रिसिव्हिंग व्हॉल्व्ह बनू लागले, आणि त्यांच्यावर माझा फार जीव आहे. तो लावला. तरी २.८. सॉकेट स्पिरिटने घासलं. २.७.

काल शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सेट अर्धा तास तापवला, बंद केला, मेन कंडेन्सरमध्ये साठलेली वीज रेझिस्टरवरून रिकामी केली, कपलिंगचं एक टोक सोडवलं, ईएल८४ फडक्यात धरून उपसला आणि पुन्हा चालू केला. सॉकेटच्या दोन नंबर पिनवर, म्हणजे ग्रीडच्या पिनवर, आता कोणीच नाही, फक्त ६८० के (किलोओहम) चा रेझिस्टर जमिनीकडे. लोड गेल्याने एच.टी. ३१० वर चढली होती. पिनवर अधिक साडेतीन!

म्हणजे वीज लाकडातून यावी तशी कुठून तरी येत होती. तो रेझिस्टर ज्या टॅग पट्टीवर (वायरी डाखायच्या कड्यांच्या पट्टीवर) आहे, तिच्याच शेजारच्या टॅगवर एच.टी. दोन्हींत बोटाच्या पेराइतकंही अंतर नाही. दोन्ही टॅग मोकळे करून मल्टीमीटर लावला तर काहीच दाखवेना. त्याची उडी २० मेगोहमपर्यंतच. मग तशीच चासी (रेडिओचा धातूचा सांगाडा) पिशवीत घालून उद्यमबागेत मोटर वाइंडिंगवाल्या अण्णांकडे गेलो. ते म्हणाले, "आम्ही मोटर मल्टीमीटरवर सोडतोय काय? मेगर मारूया की." आधी हेअर ड्रायरने पट्टी सेटमध्ये तापते तितकी तापवली, मग ५०० व्होल्टचा मेगर (चढा व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावला. साठ मेगोहम. ३१० व्होल्ट, साठ मेगोहम, ६८० के: हिशोब करून बघा, साडेतीनच येतात.

पट्टी काढून उजेडात धरली. पॅक्सोलीनच्या (राळेत दाबलेल्या कागदाच्या) कडेचे थर सुटलेत, आणि दोन टॅगच्या मध्ये फ्लक्स नि धुळीची तपकिरी रेघ आहे, केसाएवढी. खानापूरचा पावसाळा किती वर्षं त्या थरांत मुरला असेल.

नवी पट्टी आणून बसवायची असं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच सुचलं की रेझिस्टर पट्टीवर हवाच कशाला? दोन नंबर पिनवरून सरळ सॉकेटच्या बोल्टखालच्या लगवर (चासीला जोडलेल्या पत्र्याच्या कडीवर) उतरवला तर ग्रीडच्या जवळपास एच.टी. येतच नाही. वायर इंचभर, त्यामुळे हमही (मेन्सची घरघर) कमी. तसंच करणार. लगसाठी ६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री लागेल. माझी २५ ची सोल्ड्रॉन बारीक डागांना उत्तम आहे, पण चासीवर टिन वितळवत नाही.

पट्टी उचलताना तिच्याखालच्या दोन वायरी हाताळल्या, तर रबर बिस्किटासारखं गळून पडलं. आत तांबं काळं. त्याच वायरी पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे आणि ईझेड८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या सॉकेटकडे जातात. म्हणजे एच.टी.चं सगळं वायरिंग नवं. ते करायचं तर स्पीकर उतरवावा लागणार, आणि त्याच्या कोनला कडेने चीर आहे हे आत्ता टॉर्च मारल्यावर दिसलं. तांदळाची पातळ खळ आणि पतंगाचा कागद लावून बघतो. कोणी याहून हलका कागद वापरला असेल तर सांगा.

सकाळी आत्याचा फोन आला होता. "दोरा बसला न्हवं? मग दे की रे आणून." तिला दोन रविवार मागितलेत.